मऊ कापड

सामान कमी केले की मन हलके होते, असे सांगणारी एक बाई गेल्या महिन्यात आमच्या घरी येऊन गेली. माझ्या सुनेने तिला शुल्क देऊन बोलावले होते. गळ्यात ओळखपत्र, हातात पातळ मोजे आणि बरोबर पारदर्शक प्लॅस्टिकचे डबे. माझ्या आईची काही गाठोडी अजून माझ्या पलंगाखाली आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवून तिने विचारले, "काका, हे लास्ट वन इयरमध्ये यूज केलंय का?" वर्षभरात जे वापरले नाही ते घराबाहेर काढावे, असा तिच्या शास्त्राचा सिद्धान्त आहे. हा सिद्धान्त मान्य केल्यास मृत्युपत्र, आग विझवण्याचे नळकांडे आणि सासरे या तिन्ही गोष्टी घराबाहेर काढाव्या लागतील, हे मी तिला त्याच दिवशी लेखी कळवले. प्रत मुलाला आणि सोसायटीच्या सचिवांना. उत्तर आलेले नाही. उत्तरे न येण्याची मला सवय आहे. परंतु दुसऱ्याच्या घरातले कापड आवरून देण्याचा हा धंदा नव्या पिढीने शोधून काढला, असा या मंडळींचा जो समज आहे, तो मी येथे खोडून काढू इच्छितो. आमच्या घरात हे काम माझ्या मामांनी केले होते, आणि तेही फुकट. फुकट केलेल्या नुकसानीची भरपाई मागता येते काय, हा मला पडलेला पहिला कायदेशीर प्रश्न होय.

आम्ही तेव्हा कोपरखैरण्याला एका बैठ्या घरात राहत होतो. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे हातभर मोरी. वडील जवळच्या पावणे गावातल्या एका रंगाच्या कारखान्यात होते. ते संध्याकाळी घरी आले की त्यांच्या आधी त्यांचा वास आत येई आणि आई आतूनच म्हणे, "आज पिवळा होता वाटतं." आईचे माहेर-सासर दोन्ही कराडकडचे. लग्न होऊन या खाडीकाठी आली तेव्हा तिने बरोबर काय आणले असेल, तर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि गोधडी शिवण्याची विद्या. दुपारी जेवणे उरकली, भाकरीचा तवा पालथा पडला, की खोलीच्या मधोमध लुगडे अंथरले जाई, त्यावर थर चढत आणि आई कडेपासून आत, चौकोनात चौकोन, असा धावदोरा घालत मध्याकडे सरकत राही. जाड सुई सगळ्या थरांतून पलीकडे निघताना टुक् असा बारीक आवाज होई. माझा सगळा अभ्यास त्या आवाजावर झाला आहे. तो थांबला की मी पुस्तकातून डोके वर काढीत असे, कारण आवाज थांबणे म्हणजे आई आता मला काहीतरी काम सांगणार.

गोधडीला लागणारे कापड घरभर होते. दिवाणाच्या पोटात, माळ्यावर, दाराच्या मागे, आणि पाहुणे आले की त्यांच्या पाठीमागेसुद्धा. बाहेरच्या माणसाला तो पसारा वाटे. वडिलांनाही वाटे, दिवाणात आपली एक तरी वस्तू ठेवायला मिळावी ही त्यांची जन्माची इच्छा अपुरी होती. परंतु तो पसारा नव्हता. आई कापड रंगावरून लावीत नसे, ते माणसांवरून लावीत असे. वडिलांच्या सदऱ्यांचे एक गाठोडे, आजीच्या लुगड्यांचे एक, ताईच्या परकरांचे एक. गेलेल्या माणसांचे वेगळे, ते लेकुरवाळ्या बाईच्या अंथरुणात जाऊ द्यायचे नाही. शिंप्याकडच्या कातरणांचे शेवटी, त्याला ती "बिनधन्याचं" म्हणे आणि ते फक्त पायपुसण्यांना वापरी. कोणाला काय अंगावर घ्यायचे आहे त्याप्रमाणे कोणते गाठोडे सोडायचे ते ठरे. ही पद्धत कुठे लिहिलेली नव्हती. ज्या देशाची निम्मी वहिवाट अलिखित आहे, तिथे एवढ्याचसाठी एखाद्या पद्धतीला पसारा म्हणणे हा अडाणीपणा आहे.

त्या वर्षी दिवाणाच्या अगदी तळाशी आणखी एक गाठोडे होते आणि ते आम्हा पुरुषांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या घरी दोनदा पाळणा बांधला गेला होता आणि दोनदा सोडला गेला होता. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. ज्या घरी लेकरू राहत नाही, त्या घरच्या बाळाला पहिले दुपटे मागितलेल्या कापडाचे घालावे, अशी आमच्याकडे रीत आहे. जिची सगळी मुले जिवंत आहेत, अशा बाईकडे जाऊन पदर पसरायचा आणि तिचे अंगावर वापरून मऊ झालेले कापड मागायचे. ते विकत घ्यायचे नाही. एका घरी दोनदा मागायचे नाही. आणि दुपटे शिवून होईपर्यंत पुरुषांत त्याची वाच्यता करायची नाही. आई भाजी आणायला म्हणून बाहेर पडे आणि अशी एकेक चिंधी घेऊन येई; कोपरी गावातल्या मासळीवालीकडून, रेशनच्या रांगेत ओळख झालेल्या बाईकडून, शाळेतल्या शिपाईबाईकडून. ताईला सातवा लागल्यावर तिला बाळंतपणासाठी आणायला आई तिच्या सासरी कराडला गेली, तेव्हा ते गाठोडे जवळजवळ पुरे झाले होते.

आणि आई गेली त्याच रविवारी मामा आले.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. महाप्याच्या एका कंपनीत ते स्टोअरकीपर होते आणि जगाकडे ते एक वाईट चालवलेले स्टोअर म्हणूनच पाहत. वाशीला त्यांचा फ्लॅट होता. तिथे मिठाच्या बरणीवर "मीठ" आणि साखरेच्या बरणीवर "साखर" असे छापील लेबल होते; जणू मामींना चव घेऊन ओळखता आले नसते. त्या रविवारी त्यांनी कंपनीतून खोकी आणली, सदऱ्याच्या बाह्या नीट दुमडल्या आणि वडिलांना म्हणाले, "भाऊजी, माझी बहीण परत येईपर्यंत हे घर ओळखू येणार नाही. तिला सरप्राइज!"

मी विधी महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला होतो आणि करारांचा कायदा नुकताच सुरू झाला होता. मी म्हणालो, "मामा, कापड आईचं आहे. तिला विचारल्याशिवाय हात लावता येणार नाही."

"अरे वा! वकीलसाहेब!" मामा म्हणाले. "मी काय चोरतोय? उपकार करतोय. तुझ्या आईला सिस्टिम म्हणून माहीत नाही. लाल कुठंय म्हटलं तर सांगता येईल का तिला?"

"ती लाल शोधतच नाही."

"तेच तर! शोधता येत नाही म्हणून शोधत नाही. सर बाजूला."

मी वडिलांकडे पाहिले. वडिलांची नजर रिकाम्या होऊ घातलेल्या दिवाणावर खिळली होती. कायद्यात याला मूक संमती म्हणतात. घरात याला काय म्हणतात ते मी लिहीत नाही.

संध्याकाळपर्यंत एकही गाठोडे बांधलेले राहिले नाही. आजी, वडील, ताई, गेलेले, असलेले, सगळे एका ढिगात आले आणि मग रंगाप्रमाणे खोक्यांत गेले. प्रत्येक खोक्यावर मामांनी जाड पेनाने रंगाचे नाव लिहिले, म्हणजे उघडे खोके पाहून जे दिसले असते ते वाचूनही कळावे. शिवाय त्यांनी मालाची परीक्षा घेतली. प्रत्येक तुकडा दोन्ही हातांत धरायचा आणि हिसडा द्यायचा. टिकला तर खोक्यात. चर्रकन फाटला तर गोणीत. या परीक्षेत शिंप्याकडचे कडक कातरण उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. वर्षानुवर्षे धुऊन, नेसून, अंगाला लागून जे सायीसारखे झाले होते ते सगळे नापास झाले, आणि दिवाणाच्या तळचे ते गाठोडे अर्थातच पहिल्यांदा. रविवारचा चिंधीवाला दारावरून ओरडत चालला होता. मामांनी त्याला हाक मारली, गोणी तोलून दिली आणि आलेल्या पैशांची जिलेबी आणली. मी ती खाल्ली नाही. वडिलांनी खाल्ली.

आई ताईला घेऊन आठवडाभराने परत आली ती भर दुपारी. स्वागताला मामा हजर होते. ताई भिंतीला पाठ टेकून बसली, आईने पायांवर पाणी घेतले आणि मामांनी दिवाणाची फळी जादूगाराच्या थाटात उघडली. आईने आत पाहिले. एका खोक्यातला कापडाचा गठ्ठा उचलला, दुसऱ्यातला उचलला, तळापर्यंत हात घातला. मग सरळ उभी राहिली.

"मऊ कुठंय?"

"मऊ काय?" मामा म्हणाले. "कुजकं होतं ते. हिसडा सोसत नव्हतं."

"दादा, तान्ह्या पोराच्या अंगाखाली कोण हिसडे मारतंय रं?"

एवढे बोलून ती स्वयंपाकघरात गेली. ताईने तिच्या पाठीकडे एकदा पाहिले आणि पोटावर हात ठेवला. बायकांची गोष्ट तिला सांगावी लागली नाही. ताई मोठ्याने रडली असती तर बरे झाले असते. मामा मात्र वडिलांना म्हणाले, "बघितलंत? शिस्त नको असते कुणाला." आता पुरुषांपासून लपवण्यासारखे काही उरले नव्हते; पण आपण नेमके काय फाडले हे कळल्यावरही ते एवढेच म्हणाले की, मग तसे लेबल लावायचे होते.

मी त्या दिवशी आयुष्यातली पहिली नोटीस लिहिली. जो मालक नाही त्याने केलेली विक्री खऱ्या मालकावर बंधनकारक नाही. घेणाऱ्याने वस्तू तत्काळ परत करावी. मजकूर निर्दोष होता. आजही मी त्यातला एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. दुसऱ्या दिवशी ती नोटीस खिशात घालून आणि आईला बरोबर घेऊन मी पावण्याला गेलो, कारण चिंध्या पुढे कुठे जातात हे वडिलांना चांगले माहीत होते: तिथल्या एका गोदामात, आणि तिथून त्यांच्याच कारखान्यात यंत्रे पुसायला.

चिंध्यांचे गोदाम म्हणजे पत्र्याची एक शेड होती. आज तिथे निळ्या काचांची इमारत आहे आणि दारात माझे नाव विचारणारा रखवालदार. शेडमध्ये एक बाई मांडी घालून जुन्या कपड्यांची बटणे कापत बसली होती आणि उरलेल्याचे पंजाएवढे चौकोन करून ढीग लावीत होती. दिघ्याहून रोज येणारी, मथुराबाई तिचे नाव. मालक खुर्चीवर बसून चहा पीत होता. मी उभ्या उभ्या नोटीस वाचून दाखवली. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला आणि म्हणाला, "एवढंच ना भाऊ? घेऊन जा. किलोचे पैसे दे आणि घेऊन जा. टेन्शन नको."

मी खिशात हात घातला. आईने माझे मनगट धरले.

"विकत न्हाई."

"मग मी हक्काने मागतो. कायद्याने ते आपलंच..."

"हक्कानं बी न्हाई." ती म्हणाली. "हक्काचं झालं तर मागितलेलं कसं ऱ्हाईल? गप ऱ्हा."

मालकाचे पैसे नकोत आणि माझा कायदाही नको! असा अशील कोणत्याही वकिलाच्या वाट्याला येऊ नये. आई मथुराबाईसमोर जाऊन बसली.

"बाई, लेकरं किती तुला?"

"चार," मथुराबाई म्हणाली. "का वो?"

"समदी हायत?"

"हायेत ना. चारी माझ्याच डोक्यावर बसलीत. मेलं तोंड तर कोनाचं बंद नाय."

आईने पदर पसरला. तिने काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. ते माझ्यासाठी नव्हतेच. मथुराबाईने कात्री खाली ठेवली. मी पुढे होऊन सांगणार होतो की नोकराने मालकाच्या मालाचे दान केले तर ते वैध नाही, पण मथुराबाईने माझ्याकडे न पाहताच मालकाला हाक मारली, "शेठ, देऊ का?" आणि मालक म्हणाला, "दे बाई दे, या वकिलाला पहिला घालव."

तिने ढीग उपसला. पुष्कळसे आधीच गेले होते. काही तुकडे कोणत्यातरी यंत्राचे काळे तेल पिऊन परत आले होते. जे सापडले ते तिने उजव्या हाताने एकेक करून पदरात टाकले. निघताना मला म्हणाली, "वकीलसाहेब, तुमाला पदर नाय. शर्ट पसरून मागायला शिका आता." शेडमधले सगळे हसले. मी हसलो नाही. मी आजही पत्राच्या शेवटी "कृपया" लिहिताना दोनदा विचार करतो.

घरी आईने ते चौकोन धुऊन, जोडून, अंथरून पाहिले. दुपटे एका कडेने हातभर अपुरे पडत होते. ज्या घरांतून पूर्वी मागितले होते ती घरे बाद. ओळखीची आणखी बाई नाही, आणि ताईला आठवा लागला होता. राहिले एकच घर, जिथे सगळी मुले धडधाकट होती आणि जिथे आईने मुद्दाम मागितले नव्हते. माहेरच्या माणसापुढे हात पसरायचा नसतो. माहेराने न मागता द्यायचे असते. ही रीत मामांना माहीत नव्हती असे मी म्हणणार नाही. तिच्यावर लेबल नसल्यामुळे ती त्यांना सापडली नसावी.

वाशीला मामींनी दार उघडले. आई बसलीसुद्धा नाही. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिने भावापुढे पदर धरला आणि म्हणाली, "दादा, वहिनीचं न्हाईतर तुझं, अंगचं जुनं कापड घाल."

मामांचा चेहरा उतरला, हे मी न्यायबुद्धीने नमूद करतो. त्यांनी मामींना खूण केली. मामींनी कपाट उघडले. इस्त्रीच्या साड्या, कडेला कड लागून, दुकानातल्यासारख्या. दुसरे कपाट, तसेच. माळा रिकामा. त्या घरात काही जुने होऊ दिलेच जात नव्हते. कपड्याची घडी जरा मोडली की तो बोहारणीला जाई आणि त्याबदली स्टीलचे भांडे येई. स्वयंपाकघरात भिंतभर भांडी चमकत होती. जो माणूस दुसऱ्याचे घर आवरायला निघाला होता, त्याच्या स्वतःच्या घरात बहिणीला देण्यासारखी एक चिंधी नव्हती. मामांनी घाईघाईने नव्या मलमलीचा तुकडा काढला. "हे घे. कोरं आहे. ए-वन क्वालिटी."

आईने त्याला हातही लावला नाही. "ह्याला अजून माणूस लागलेला न्हाई," ती म्हणाली.

ती पदर धरून तशीच उभी होती. मामी स्टुलावर उभ्या. मग आईची नजर भावाच्या गळ्याशी गेली. कडक इस्त्रीच्या सदऱ्याच्या आत त्यांचा बनियन दिसत होता; धुऊन धुऊन जाळीसारखा झालेला, गळ्याशी विरलेला.

"तो दे."

"कुठला? हा?" मामांनी छातीवर हात ठेवला. "अगं, हा काय द्यायचा?"

मामींना राहवले नाही. "द्या हो. तेवढा एकच बोहारणीने परत केलाय."

मामांनी सदरा काढला. त्याही परिस्थितीत त्यांनी तो खुर्चीच्या पाठीवर घडी सरळ करून ठेवला. मग बनियन डोक्यावरून काढला आणि ते उघडे उभे राहिले; पांढुरके, मऊ, कोणत्याही खोक्यात न बसणारे. "धुऊन देऊ?" त्यांनी विचारले. आयुष्यात मी त्यांचा इतका लहान आवाज ऐकला नव्हता.

"नको. असाच."

त्यांनी उजव्या हाताने तो पदरात टाकला. आईने पदर मिटला, कमरेला खोचला आणि मग कुठे ती खाली बसली. "वहिनी, च्या टाका," ती म्हणाली.

मुलगी झाली आणि तिने आल्याबरोबर जे तोंड उघडले ते अजून मिटलेले नाही. आज ती स्वतः दोन मुलांची आई असून मला फोनवर दम देते. बारशाला मामा आले. बाळ दुपट्यावर निजले होते. ते खाली बसले आणि त्या तेलाच्या डागांच्या, नाना बायकांच्या तुकड्यांवरून एक बोट फिरवीत राहिले. "माझा कुठला गं?" त्यांनी विचारले.

"आतल्या थरात हाय," आई म्हणाली.

चूक झाली, या चार अक्षरांच्या वाक्याची मी वाट पाहत होतो. ते आले नाही. आईने त्यांना विचारलेही नाही. तिने बाळ उचलले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले, दुपट्यासकट. मामांना ते नीट धरताही येत नव्हते. मी मात्र त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही, पुढे कित्येक दिवाळ्यांनाही बोललो नाही. नुकसान ज्याचे झाले त्याने दावा सोडून दिला म्हणून तो संपतो, हे कायद्याचे म्हणणे मला तेव्हा पटले नव्हते आणि आजही पटत नाही.